सूर्याकडे तोंड करून

रविवार, ५ नोव्हेंबर २००६
रोल धुऊन आला. बोडीच्या तळ्यावरच्या सूर्यास्ताचे सगळे फोटो बाद! उजेड मोजायचं मीटर सूर्यालाच लावलं अन् बाकी सारं काळं करून बसलो. एकच बरा होता. तो प्रतिक्षाला दाखवला, तर म्हणाली, "अर्धं आभाळ, अर्धं पानी! भावाभावाची वाटणी करून राहिले काय तुमी?"

बायकोच्या नजरेला तोड नाही. पाणी थोडं, आभाळ जास्त — हे मला पुस्तक वाचून कळलं नव्हतं.

मंगळवार, ७ नोव्हेंबर
शाळेत शिकवून आल्यावर दोघं बोडीवर गेलो. पलीकडे धानकापणी चाललेली. आज सूर्य सोडून बाजूच्या आभाळाचं मीटर घेतलं. पण समोर काहीतरी हवं होतं — नुसतं आभाळ किती काढणार! तेवढ्यात प्रतिक्षाच तळ्याच्या मातीच्या पाळीवर जाऊन उभी राहिली.

"यात तोंड नाही दिसत ना?"

नाही म्हटलं, तू पूर्ण काळी येशील. मग हसली, डोक्यावर घमेलं घेतलं अन् म्हणेन तशी उभी राहिली. गालावर, ओठांभोवती कोड फुटलं तेव्हापासून तिनं एकही फोटो काढू दिलेला नाही. दिवाळीला घरच्या सगळ्यांचे फोटो काढायला मात्र तीच पुढे असते.

बुधवार, ८ नोव्हेंबर
उरलेला रोल शेळ्यांवर संपवला. तुमसरच्या स्टुडिओत धुवायला टाकला.

रविवार, १२ नोव्हेंबर
काय फोटो आलेत! लाल आभाळ, लाल पाणी अन् मधे तिची काळीभोर आकृती. मान कशी ताठ! घरभर दाखवत फिरलो. आईनं चष्मा पुसून पुसून पाहिलं. म्हणाली, "सून एवढी देखणी, पन कोनाले दिसतच नाही."

प्रतिक्षानं फोटो पालथा ठेवला अन् ताटं वाढायला गेली. आईचा राग आला मला — पण ती खोटं कुठं बोलली?

बुधवार, १५ नोव्हेंबर
ओल्या पँटनंच लिहायला बसलोय.

नवा रोल भरून नेहमीसारखा पाळीखाली बसलो होतो. सूर्य उतरायला आला, तशी प्रतिक्षा म्हणाली, "तिकडून नका काढू. पान्यात उतरा, सूर्य पाठीवर घ्या. मी त्याच्याकडं तोंड करून उभी राहतो."

पँटसकट उतरलो. मीटर तिच्या चेहऱ्याचं घेतलं. पदर तिनं स्वतः मागे सारला. सोनेरी उजेडात गाल, ओठ, डाग, डोळे — सगळं लख्ख! एवढी सुंदर बाई माझ्या घरात राहते? एकच काढू दिला.

शनिवार, १८ नोव्हेंबर
धीर निघेना, रोल अर्धाच असताना धुवायला दिला होता. आज आणायला गेलो. स्टुडिओवाला टिकाराम माणूस भला. म्हणाला, वहिनीचे डाग कॉम्प्युटरवर साफ करून टाकले, त्याचे पैसे नको. चेहरा एकदम गुळगुळीत! मी फोटो खिशात घातला. अन् क्षणभर बरंही वाटलं. हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे लिहू?

प्रतिक्षानं फोटो बराच वेळ हातात धरला.

"ही कोन होय?"

फोटो माझ्या हातात परत दिला अन् भाकरी थापायला बसली. माझ्याकडे पाहिलं नाही.

सोमवार, २० नोव्हेंबर
मी शाळेत असताना निगेटिव्ह घेऊन एकटीच एसटीनं तुमसरला जाऊन आली! टिकारामला म्हणाली, "जशी आहो, तशी काढा." त्यानं मोठा करून दिला, अन् भीत भीत विचारलं, एक दुकानाच्या काचेत लावू का?

ती म्हणाली, लावा.