चार नंबरची नळी

२८ नोव्हेंबर १९७१, रविवार. सुरत.
होमगार्डची फायरिंग प्रॅक्टिस. प्रत्येकी पाच गोळ्या. माझा नंबर अकरावा. दहावा माणूस गोळी मारायला आडवा झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की रायफली साफ करायला कुणी जबाबदार माणूसच नेमलेला नाही. ताबडतोब हवालदार छगनभाईंकडे जाऊन ते काम मागून घेतलं. ते म्हणाले, आधी पाच गोळ्या मारून या. मी म्हटलं, साफसफाईवाल्याचा हात थरथरता कामा नये. त्यांना पटलं, किंवा ऐकू आलं नसेल. सकाळपासून त्यांच्या कानाशी बार चालू होते.

भीतीचा प्रश्न नाही. आवाज मोठा येतो एवढंच. शेजारच्या भिवाने पाचपैकी चार नेमके मारले आणि खांदा चोळत हसत आला. तो रेल्वेत खलाशी, दिवसभर लोखंडाची ठोकाठोक. त्याला दणक्यांची सवय आहे.

३० नोव्हेंबर
चार्ज मिळाला. सहा रायफली, पाण्याच्या टाकीजवळच्या आमच्या चौकीत, साखळीला बांधलेल्या. गोळ्या वेगळ्या, छगनभाईंच्या पेटीत, कुलूप लावून. ही व्यवस्था मला फार आवडली.

रीत अशी: नळीत आधी उकळतं पाणी. मग पुलथ्रू, म्हणजे एका टोकाला पितळी वजन असलेली दोरी. दुसऱ्या टोकाला फ्लॅनेलची चिंधी अडकवायची आणि नळीतून आरपार ओढायची. शेवटी रायफलचं तेल. अडचण एवढीच की फ्लॅनेल संपलंय आणि तेलही. सगळा माल सरहद्दीकडे गेलाय म्हणे. पर्याय तुम्हीच शोधा, असं सांगून छगनभाई निघाले. जाता जाता म्हणाले, "नळी काच जेवी जोईए, निंबाभाई."

काचेसारखी? होईल. चौदा वर्षं कतारगामातल्या गिरणीत सायझिंग खात्यात आहे. ताण्याच्या सुताला खळ किती गरम, किती पातळ, हे मी बोट बुडवून सांगतो. त्यापुढे तेल निवडणं म्हणजे किस झाड की पत्ती.

१ डिसेंबर
खोबरेल. बायकोची, भागीरथीची, बाटली न विचारता घेतली. देशाचं काम आहे. सहाही नळ्यांना पाजलं. चौकीला छान वास.

२ डिसेंबर, सकाळी ६.३०
थंडी पडली आणि खोबरेल गोठलं. नळीतून पाहिलं तर आत पांढरं. पाहण्याआधी छगनभाईंना दोनदा विचारलं, गोळ्या पेटीतच आहेत ना. तिसऱ्यांदा त्यांनी पेटी उघडून दाखवली. डोळ्याचं काम आहे, खात्री नको?

भागीरथी केस न विंचरता बसली आहे.

४ डिसेंबर
लढाई लागली. काल संध्याकाळी भोंगा झाला. ब्लॅकआउट. खिडक्यांना काळे कागद. मी खाटेखाली होतो, पण ते चप्पल शोधायला. भागीरथीने चप्पल बाहेर ठेवली होती हे नंतर कळलं.

रात्रपाळी आता हत्यारासहित. मला रायफल न देता शिट्टी दिली. साफसफाईवाल्याला हत्यारी पहारा माफ. निर्णय किती दूरदृष्टीचा होता ते आता दिसतंय.

५ डिसेंबर
प्रयोग. रॉकेल: मळ उत्तम कापतं, पण सकाळी नळीला तांबूस रंग. गंज. ब्रासो: आत काळा चिखल झाला, दोन तास काढत बसलो. धुण्याचा सोडा: बोटं सोलली. शिलाई मशीनचं तेल: पहिल्या नंबरची नळी खरंच चमकली, मग बाटली संपली. शेवटी खात्यातलं स्पिंडल ऑइल आणलं. हेच ते. पातळ, गंज नाही, गोठत नाही. तेलाचा प्रश्न मी सोडवला आहे. वर कळवायला हवं.

आता फक्त चिंधी.

७ डिसेंबर
भिवा म्हणाला, जुनं धोतर वापरा, शंभरदा धुतलेलं, मऊ. हसू आलं. रेल्वेच्या माणसाने कापडाच्या माणसाला शिकवावं? जुनं धोतर नळीत फाटलं म्हणजे? मागावरून उतरलेलं कोरं कापड आणतो. त्याच्या ताण्याला माझ्या हातची खळ आहे. खात्यात म्हणतात, निंबाने चढवलेली खळ एकदा बसली की सुटत नाही.

९ डिसेंबर, दुपारी
चार नंबर. कोऱ्या कापडाची चांगली जाड घडी घेतली, काम एकदाच व्हावं म्हणून. नळीत उकळतं पाणी सोडलं आणि ओढलं. अर्ध्यावर गेलं. आणखी ओढलं. भिंतीला पाय लावून ओढलं. दोरी हातात आली, कापड आत.

उकळत्या पाण्याने खळ सुटली आणि कापड फुगलं. गार झाल्यावर तिथेच धरून बसलं. ही गोष्ट जगात एका माणसाला आधी कळायला हवी होती.

घाबरण्यासारखं काही नाही. दोरीला गाठ मारली आणि रायफल साखळीला लावली. तोंडाशी स्पिंडल ऑइलचा हात फिरवला. बाहेरून झकास दिसते.

१० डिसेंबर
छत्रीची काडी घालून पाहिली. कापड दगड झालंय. काडी वाकली.

आज छगनभाई नव्या पोरांना शिकवत होते: नळीत काही अडकलेलं असेल आणि गोळी सुटली तर नळी फुटते. मागे एका माणसाचा जबडा गेला होता म्हणे. मी चौकीच्या मागे जाऊन उलटी केली. सकाळचे पोहे असावेत.

पण गोळ्या पेटीत आहेत. पेटीला कुलूप आहे. पहारा रिकाम्या रायफलीने चालतो. मग प्रश्न येतोच कुठे?

११ डिसेंबर
छगनभाईंना सांगायचं ठरवलं. चौकीच्या पायरीपर्यंत गेलो. ते चहा पीत होते. माणसाचा चहा खराब करू नये.

सरकारी हत्यार खराब केलं, तेही लढाईत. याला काय शिक्षा असते? कुणाला विचारायची सोय नाही. विचारलं तर का विचारतोस म्हणतील.

१३ डिसेंबर
जेवण जात नाही. विमान आलं की आता बरं वाटतं, थोडा वेळ दुसरी भीती. भागीरथीने शेवटी विचारलं. सगळं सांगून टाकलं. खोबरेलाचा राग विसरून ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमले भ्याव वाटस, ते मी समजस. पन ती बंदूक कोन्हा हातमा जाई, त्येना इचार करा. सकायले उठीसन सांगी टाका."

१४ डिसेंबर
सकाळी सांगणारच होतो. सकाळी धुकं होतं.

१६ डिसेंबर, संध्याकाळी
लढाई संपली. रेडिओवर ऐकलं. गल्लीत पेढे. खिडक्यांचे काळे कागद पोरांनी टराटरा फाडले. मी सगळ्यांत जास्त नाचलो. लोक म्हणाले, निंबाभाऊंचं देशप्रेम पाहा. आता रायफली मुख्यालयात जमा होणार, तिथे हजारो असतील. कोणाची कुठली, कोण बघतो.

आज दोनदा जेवलो.

१७ डिसेंबर
रविवारी मैदानावर विजयाची सलामी. सहा जण, हवेत तीन फैरी. यादी लागली. चार नंबर: भिवा.

भिवा. भिंतीला भिंत लागून राहतो. मागच्या वर्षी मला टायफॉईड झाला तेव्हा अठरा दिवस बर्फ त्याने आणला. त्याची बायको शकू आमच्याकडे ताक पाठवते. त्याची मुलगी अजून रांगते.

आज सांगतो. ताबडतोब.

१७ डिसेंबर, रात्री
तो ड्यूटीवर होता.

१८ डिसेंबर
प्लॅन तयार केला. एक, चार नंबर रायफल बदलायची. जमलं नाही, नंबर कोरलेला आहे. दोन, भिवाला आजारी पाडायचं. म्हणजे त्याला सांगायचं की तू आजारी दिसतोस. सांगितलं. तो म्हणाला, तब्येत ठणठणीत आहे, आणि माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मी विषय बदलून हवामानावर गेलो. तीन, पहाटे लवकर जाऊन छगनभाईंना खरं सांगायचं. हा प्लॅन सगळ्यांत सोपा आहे. पहाटे चारचा गजर लावला आहे.

१९ डिसेंबर, रविवार
गजर झाला. मी जागाच होतो. उठलो नाही.

मैदानावर अख्खी वस्ती. भागीरथी बायकांत, शकूशेजारी. पेटी उघडली. छगनभाईंनी गोळ्या वाटल्या. भिवाने चार नंबर उचलली. मी त्याच्यापासून पाच पावलांवर होतो. मग मी मागे सरकू लागलो. खोटं कशाला लिहू, पाण्याच्या टँकरच्या मागे जाऊन बसलो, कान दाबले, डोळे मिटले. भिवासाठी देवाला नवस बोललो. सांगायला मात्र गेलो नाही.

तीन फैरी झाल्या. टाळ्या वाजल्या. कुणी किंचाळलं नाही. डोळे उघडले तर समोर भिवा उभा. चेहरा जिथल्या तिथे.

शांतपणे म्हणाला, नळी परवा रात्रीच, चौकीवरच्या ड्यूटीत साफ केली. भागीरथीवहिनी मंगळवारीच येऊन शकूला सांगून गेल्या होत्या. रेल्वेतला पितळी गज आणला, आणि गरम पाणी ओतून ओतून खळ भिजवली. चार तास लागले. बरं झालं, असं काहीतरी पुटपुटलो. तेव्हा तो म्हणाला, "रायफल उचलली तवा मी तुमच्याकडंच पाहत होतो, निंबाभाऊ. म्हटलं, आता तरी भाऊ बोलतीन."

मग शकूला आणि मुलीला घेऊन गेला.

भागीरथीला विचारलं, मला का नाही सांगितलंस. म्हणाली, "तुम्ही सोता सांगतीन म्हनीसन वाट दखी."

२० डिसेंबर
माझ्या बाजूनेही विचार करायला हवा. घसा बसला होता. गर्दी होती. शिवाय माझ्या मनाला आतून माहीत असणार की नळी साफ आहे, नाहीतर मी बोललो असतोच.

वरचं वाचलं. मी बोललो नसतो.

२१ डिसेंबर
परेड. छगनभाईंनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मुख्यालयातून साहेब आले होते. सहांत चार नंबरची नळी सर्वांत चोख निघाली, निंबाभाईंनी काय वापरलं ते सगळ्यांना सांगावं, म्हणाले. सगळे माझ्याकडे पाहू लागले. भिवा दुसऱ्या रांगेत. तो जमिनीकडे पाहत होता.

तेलाचं नाव तोंडाशी आलं होतं. पण म्हणालो, भिवाने साफ केली. माझी चिंधी आत अडकली होती, आठ दिवस, आणि मी कुणाला सांगितलं नाही. त्याच्या हातात गोळी पडली तेव्हाही नाही.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. छगनभाईंनी वही काढली आणि रायफलींच्या चार्जपुढचं माझं नाव खोडून तिथे भिवाचं लिहिलं. मग पान उलटून विचारलं, तुमच्या पाच गोळ्या बाकी आहेत ना?

परत येताना भिवा माझ्या बरोबरीने चालला, घरापर्यंत.

रविवारी सकाळी सात वाजता माझं फायरिंग आहे. मला फार भीती वाटते.