कानाने ओळखलेलं इंजिन

२९ नोव्हेंबर
तळं गोठलं. पायी जाण्याइतका बर्फ धरलाय, असं गळ-आमिषाच्या दुकानातली गुड्रुन म्हणाली. लगेच ऑरिनचा फोन. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याचा हात वर जात नाही. म्हणाला, "व्हर्न, यंदा भोकं तू पाड, कॉफी मी आणतो." शाळेपासून आम्ही दोघं दर हिवाळ्यात बर्फावर उभ्या केलेल्या त्याच्या खोपटात बादल्या उपड्या घालून बसतो आणि बर्फातल्या भोकात गळ सोडतो. इथे त्याला माझ्याशिवाय आहे कोण? म्हटलं, तू बिनधास्त राहा.

गॅरेजात वडिलांचं हाताचं गिरमिट टांगलेलं आहे. चालतं. पण आजच्या काळात दांडा गरगर फिरवत बर्फ कोरणं बरं दिसत नाही. पेट्रोल इंजिनाचं गिरमिट घ्यायचं. ठरलं. शनिवारी खरेदी, रविवारी तळं.

२ डिसेंबर
घाई केली नाही ते फार बरं झालं. हल्ली सगळी इंजिनं बाहेरून येतात. वर आपला अमेरिकेचा झेंडा चिकटवलेला, आत परदेशी माल. साधा माणूस फसतो. मी अख्खी नोकरी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या काउंटरवर काढली आहे. मला इंजिन बघावं लागत नाही, नुसतं ऐकलं तरी पुरे.

ऑरिनला आठवडाभर थांब म्हणून कळवलं. तो म्हणाला, "अरे, ते हाताचंच आण ना." भिडस्त स्वभाव. मला त्रास नको म्हणून बोलतो.

९ डिसेंबर, दुपार
गुड्रुनच्या दुकानात माझ्या कानाची परीक्षा झाली. तिनेच पैज लावली. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो आणि तिने मागे एक इंजिन सुरू केलं. मी म्हटलं, परदेशी, आवाजात पत्रा आहे. मग दुसरं सुरू केलं. मी म्हटलं, हे आपलं, याला पोट आहे. गुड्रुन म्हणाली की दोन्ही वेळेला तिने एकच इंजिन चालवलं. दुकानातली मंडळी हसली.

घरी येऊन शांतपणे विचार केला. पहिल्या वेळी इंजिन गार होतं, दुसऱ्या वेळी तापलेलं. एवढा बारीक फरक माझ्या कानाने पकडला! हसणाऱ्यांना ते कळायचं नाही.

१४ डिसेंबर
टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? टू-स्ट्रोक हलकं. फोर-स्ट्रोक शांत. हलकं घेतलं तर धूर, शांत घेतलं तर वजन. सगळी माहितीपत्रकं जेवणाच्या टेबलावर मांडली. लॉर्ना म्हणाली, "लग्न करताना एवढा विचार केला नव्हतास." मी म्हटलं, तेव्हा एवढे प्रकार नव्हते.

जेवण स्वतः गरम करून घेतलं.

२७ डिसेंबर
ऑरिन लेलँडबरोबर तळ्यावर जातो आहे. हा लेलँड म्हणजे शेजारच्या आयोवा राज्यातून इथे राहायला आलेला बँडमास्तर. निवृत्त. कानपट्ट्यांची नारिंगी टोपी घालतो. आयोवात धड तळी तरी आहेत का? ऑरिन फोनवर सहज म्हणाला, "तो भोकं पाडतो, मी बसतो. तुझं झालं की ये तू पण."

वाईट वाटलं. इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. फार वाईट वाटलं.

पण शांत डोक्याने पाहिलं तर काळजीचं कारण नाही. लेलँडकडे नक्कीच स्वस्तातलं परदेशी इंजिन असणार. खरी थंडी पडली की ते मान टाकेल. मग ऑरिन माझ्याकडेच येईल. आपण फक्त वाट बघायची.

६ जानेवारी, सकाळ
उणे वीस. मुद्दाम किनाऱ्यावर जाऊन उभा राहिलो. ऑरिनच्या खोपटाच्या बाजूने इंजिनाचा आवाज येत होता. डोळे मिटून ऐकला. परदेशी. बेअरिंग ढिलं. पिस्टनच्या रिंगा फेब्रुवारी बघायच्या नाहीत. बिचारा लेलँड.

खोपटापर्यंत गेलो नाही. चारचौघांत त्याच्या इंजिनाबद्दल बोललो असतो तर त्याला लाज वाटली असती.

१९ जानेवारी
घेतलं! लाल रंगाचं, फोर-स्ट्रोक, झेंडा कोरलेला. दुकानदाराने शपथेवर सांगितलं की शंभर टक्के आपलं. मी खोक्याला कान लावूनच ओळखलं होतं. लॉर्नाने चष्मा लावून खालची पट्टी वाचली. इंजिन परदेशी, जोडणी इथली.

जोडणीच महत्त्वाची असते. तेच सुटे भाग दोन माणसांना द्या, एकाचं इंजिन चालेल, एकाचं नाही. लॉर्नाला हे समजावून सांगत होतो तेवढ्यात ती कपडे वाळत घालायला गेली.

२५ जानेवारी
नवं इंजिन तळ्यावर नेण्याआधी उबेत थोडं चालवून मुरवावं लागतं. गॅरेज गार म्हणून तळघरात चालवलं. वर लॉर्नाच्या चर्चच्या बायका गोधड्या शिवायला जमल्या होत्या, हे ध्यानात राहिलं नाही. विषारी वायूचा भोंगा वाजला. सगळ्या अर्धवट शिवलेल्या गोधड्या पांघरून अंगणात, गुडघाभर बर्फात. मिसेस टॉलेफ्सरूड मला म्हणाल्या, "तळघरात इंजिन का? हं. वेगळंच आहे."

आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही. पास्टरबाईंचाही फोन येऊन गेला. लॉर्नाने घराच्या सगळ्या खिडक्या उघडून ठेवल्या आहेत. इंजिन मात्र अप्रतिम मुरलं.

३ फेब्रुवारी
दारात लेलँड. हातात वॉलाय, चांगला हातभर मासा. "ऑरिनने पाठवलाय," म्हणाला. "तुम्ही या हो एकदा. तुमच्या जागेवर तो मला बसू देत नाही. मी आपला खोक्यावर बसतो."

मी विषय बदलून त्याच्या इंजिनाची चौकशी केली. तो म्हणाला, "कसलं इंजिन?" लपवतो आहे. हलका माल घेतलेला माणूस असाच बोलतो. निघताना हात मिळवला तेव्हा तळव्याला घट्टे लागले. बँड शिकवून एवढे घट्टे पडतात हे माहीत नव्हतं.

मासा लॉर्नाने लोण्यात तळला. चवीला ठीक. मी दोनदा घेतला.

१७ फेब्रुवारी
निघालोच होतो. पेट्रोल भरताना पंपावरची पाटी वाचली. पेट्रोलात मक्याची दारू मिसळलेली! एवढ्या मुरवलेल्या इंजिनात ही घालायची? आणि मका कुठला, तर आयोवाचा. कसं बरोबर जुळतं बघा.

शुद्ध पेट्रोल मागवलं आहे. लॉर्ना म्हणाली, "वॉलायचा हंगाम संपत आला, व्हर्न. तू ऑरिनला भेटून तरी ये. नुसता जा." मी म्हटलं, रिकाम्या हाताने कसा जाऊ? ती म्हणाली, "बाकीचे जातात तसा."

बायकांना यंत्रातलं कळत नाही.

८ मार्च
पेट्रोल आलं. पण काठाला पाणी सुटलं आहे. वॉलायचा हंगाम संपला. हरकत नाही, छोटे मासे धरायला अजून परवानगी असते. वारा पडला की जातो. आज वारा आहे.

१६ मार्च
सरकारी नियमाने आज सगळी खोपटं तळ्यावरून हलवायची. म्हणजे ऑरिन तिथे असणारच. गिरमिट घसरगाडीवर बांधून ओढत नेलं.

ऑरिन आणि लेलँड खोपटाच्या कडेचा बर्फ फोडून ते मोकळं करत होते. लेलँडच्या हातात हाताचं गिरमिट होतं, माझ्या वडिलांच्यापेक्षाही जुनं. आजूबाजूला कुठे इंजिन दिसलं नाही. सहा जानेवारीला जे ऐकलं ते दुसऱ्या कुणाचं तरी असणार. पण माझं निदान बरोबर होतं.

मी गिरमिट उतरवलं आणि इंजिनाची दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात सुरू! लोण्यात सुरी जावी तसं बर्फात गेलं. आसपासचे लोक काम थांबवून बघायला लागले. सबंध हिवाळाभर याच क्षणाची वाट पाहिली होती.

ऑरिन जवळ आला. काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, आवाज ऐक, याला पोट आहे! त्याने माझ्या कानाशी तोंड आणून ओरडून सांगितलं, "मी मुलीकडे ॲरिझोनाला चाललोय. कायमचा. हा खांदा आता थंडी सोसत नाही. हा शेवटचा हिवाळा होता. खोपट लेलँडला दिलं."

मी ओरडून विचारलं, आधी का नाही बोललास?

तो म्हणाला, "फोनवर काय सांगायचं असलं? म्हटलं, तू येशील, बसू गळ टाकून, तेव्हा सांगीन."

मी इंजिन बंद केलं. चांगलं चालत होतं.