पावडीवरचा पाय

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुझ्या आजाराबद्दल तुझ्याशी धड बोलायचं राहूनच गेलं. आज माझ्या क्लिनिकवर नांदगावहून एक बाई आली होती. बांगड्यांचं दुकान आहे तिचं, आणि आजार तुझाच, मल्टिपल स्क्लेरोसिस. बसने नाशिकला पोचेपर्यंतच ती इतकी दमते, की आधी थोडा वेळ मी तिला नुसती कूलरसमोर बसवते. बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं नुसता शेक देतात. शेकलं का पाय अजूनच लुळा पडतो. नणंदेनं पुण्याला नेलं, तिथं पाण्यात चालवलं. तुम्ही खुर्चीवरून उठबस करायला लावता. आजार तर एकच हाय ना?" मी म्हटलं, आजार एकच, पण ज्या गावात जसं शिकलेलं माणूस आणि जे मशीन, तसा तिथला उपचार. ती हसली. मग तिनं हळूच विचारलं, "दुकान बंद करू का? घरचे म्हणतात, पडून राहा." ते ऐकलं आणि मला तूच दिसलीस.

तू येवल्याच्या त्या खोलीत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली आहेस. पैठणीचा पदर अर्धा विणून झालाय आणि पायाखालची लाकडी पावडी दाबताना उजवा पाय मध्येच अडतोय. तू थांबतेस, पाय हाताने उचलून पुन्हा पावडीवर ठेवतेस. घरात फिजिओथेरपी शिकणारी मी एकटीच, तीही पहिल्या वर्षाला, पण रुबाब डॉक्टरांच्या वर. गावातले डॉक्टर विश्रांती घ्या म्हणाले, तेच मी दुप्पट मोठ्या आवाजात म्हणाले. तू म्हणालीस, "पायाला काम हाय तवर तो माझा हाय. निजवला का गेला." मी ऐकलं नाही. आठ दिवसांत माग काढायला लावला, खड्डा बुजवून फरशी बसवून घेतली आणि तिथेच तुझी खाट टाकली. तू भांडली नाहीस, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचीस. सुट्टीत मी दुपारी गरम तेलाने तुझे पाय रगडायचे, आणि तू "बरं वाटतं गं" म्हणायचीस. वाटत नसायचं.

त्या बाईला सांगितलं, दुकान चालू ठेवा, भर उन्हात बसू नका, दमलात की थांबा, जरा बरं वाटलं की पुन्हा उठा. ती गेल्यावर घरी आले. एकटीपुरता कुकर लावावासा वाटला नाही, म्हणून ही वही उघडली. फार एकटं वाटतं आई. दिवसभर माणसांत असते, पण एक गोष्ट कुणाला सांगता येत नाही. हे पत्रही टाकायचं कुठे, वहीतच राहील.

तुझा विषय निघाला की मी सगळ्यांना सांगते, तेव्हा आपल्याकडे कुणाला कळत नव्हतं. ते खरं नाही. तिसऱ्या वर्षाला मला महिनाभर मुंबईच्या एका हॉस्पिटलात पाठवलं होतं. तिथे याच आजाराच्या बायकांना रोज, झेपेल तेवढं, सायकलचं पेडल मारायला लावायचे. बघताक्षणी तुझी पावडी आठवली. सुट्टीत घरी आले, तुझ्या उशाशी बसले आणि काहीच बोलले नाही, कारण चूक माझी होती हे घरात म्हणावं लागलं असतं. तेव्हा तुझा पाय अजून हलत होता.