झाकलेली नावं

बाबा,

मागच्या शनिवारी मी रिटायर झाले. शाल, नारळ, हार, सगळं यथासांग झालं. ज्या कापूस सोसायटीच्या कचेरीत तुम्ही हेडक्लार्क होते, तिथूनच मी पण सुटले. घरी येऊन हार खुंटीला अडकवला आणि पहिल्यांदा वाटलं, तुम्हाला सांगावं. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली हे मला कळतं, मला येड लागलेलं नाही. पण काही गोष्टी ज्याच्या त्यालाच सांगाव्या लागतात.

तेलुगू मुलखातल्या मावला गावचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. एक चूल, एक खिडकी, बस्स. कचेरीत भरतीची परीक्षा असली की तुम्ही चुलीपुढे बसून पितळी वाटीत कणकेची खळ शिजवायचे आणि आई कुरकुरायची, ‘पोळ्याले कणीक पुरत नाही, अन् हे कागदाले चारून राह्यले.’ पेपरांच्या डोक्यावर नाव, आडनाव, गाव लिहिलेलं असायचं. त्यावर तुम्ही पट्टी चिकटवून नुसता नंबर घालायचे. पेपर तपासून झाले की मगच सगळ्यांसमोर पट्ट्या फाडायच्या. साहेब हसायचे, ‘इतनी तकलीफ कायको?’ त्याचं उत्तर तुम्ही घरी येऊन मला दिलं. आपल्या बौद्धवाड्यातले पहिले मॅट्रिक म्हणून तुम्ही एका कचेरीत अर्ज घेऊन गेले होते. तिथल्या अर्ज घेणाऱ्या पेशकारानं आडनाव वाचलं आणि अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. पुढच्या साली गेले, तर तेच. ‘आडनाव वाचलं का कागद खाली जाते,’ तुम्ही म्हणाले, ‘म्हून वाचूच नाही द्याचं.’ मी तेव्हा भाजी ढवळत पाढे पाठ करत होते. चुलीपाशीच अभ्यास, त्यामुळे माझ्या सगळ्या वह्यांच्या कोपऱ्यांवर हळदीचे अंगठे उमटलेले असायचे. ‘हे काय तुही मोहर हाय?’ असं तुम्ही चिडवायचे.

पुढे कारकुनाच्या दोन जागा निघाल्या आणि मी अर्ज केला. तुम्ही हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. पेपर तुम्ही आणि कचेरीतले तुमचे तेलुगू जोडीदार अर्धे अर्धे तपासणार, हे मला ठाऊक होतं. परीक्षेला माझ्या शेजारच्या बाकावर वांकिडी गावची एक मुलगी बसली होती. पहाटेच्या बसनं आलेली, फडक्यात भाकर बांधून. तेलुगूतला मसुदा ती असा झरझर लिहीत होती की मी लिहायची थांबून तिच्याच कागदाकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही सायकल भिंतीला टेकवली आणि चपला न काढताच विचारलं, ‘काऊन वं, परीक्षेले जाताना हात नव्हते धुतले?’ मी म्हटलं, ‘घाईत राह्यलं, बाबा.’  तुम्ही न जेवताच आडवे झाले.

निकालात मी दुसरी आले, वांकिडीची तिसरी. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बसस्टँडकडे चालू लागली. मी कामावर रुजू झाले त्या दिवशी तुम्ही ती पितळी वाटी माझ्या टेबलावर ठेवली. ‘आता पट्ट्या तू चिकटवजो,’ एवढंच बोलले. तेव्हापासून दर भरतीला खळ मीच शिजवली. पट्टीखालून कधी गोंड गुड्यातला, जंगलातल्या पाड्यावरचा पोरगा निघाला, कधी धोब्याची पोरगी, तर कधी साहेबाचाच भाचा नापास झालेला. मजा यायची, खोटं कशाला बोलू.

पण माझ्याबद्दल म्हणायला लोक मोकळेच होते. ‘बापाच्या सायकलवर बसून नोकरीले आली.’ मी पण हसायची त्यांच्याबरोबर, आणि हसता हसता आत टोचायचं. तुम्ही हाताचं विचारलं, म्हणजे माझ्या पेपरच्या कोपऱ्यावरचा पिवळा अंगठा तुम्हाला दिसला होता. मग पुढे काय केलं तुम्ही? चार गुण इकडचे तिकडे, कोणाला कळतं? तुम्ही सरळ माणूस खरे, पण बाप पण होते. त्या पोरीची जागा मी खाल्ली असेल, हा विचार कुसळासारखा सलत राहिला. तुम्ही अंथरुणाला खिळले तेव्हा रोज पेज भरवली तुम्हाला, तरी विचारायचं धाडस झालं नाही. तुम्ही हो म्हणाले असते तर मी कुठं जाणार होते?

आता शेवटच्या दोन महिन्यांत साहेबांनी मला जुनं दप्तर निवडायला बसवलं. लाल फडक्यातल्या एका बस्त्यात आमच्याच परीक्षेचा गठ्ठा निघाला. वर तुमची चिठ्ठी, तेलुगूत, त्या ताठ अक्षरात: ‘या गठ्ठ्यातला एक पेपर मला ओळखता आला. कोणता ते सांगत नाही. म्हणून यातला एकही पेपर मी तपासलेला नाही.’ खाली तुमच्या जोडीदाराची सही, सगळे पेपर मिळाले म्हणून. आत प्रत्येक पानावर त्यांची हिरवी शाई. तुमची निळी कुठंच नाही. वांकिडीच्या मुलीला माझ्यापेक्षा तीन गुण कमी होते. मी दोनदा बेरीज केली. तीनच, पण खरे तीन. छातीवरचा धोंडा उतरला, बाबा. धुळीत फतकल मारून मी मोठ्यानं हसत सुटले, तर शिपाई धावत आला, ‘मॅडम, क्या हुआ?’ म्हटलं, ‘कुछ नहीं रे, मेरा बाप मिल गया.’ त्या दिवशी मी डबा चाटूनपुसून खाल्ला आणि घरी येऊन परत जेवले.

हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकू? वाटीखाली दाबून ठेवते. पण तुमच्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर अजून द्यायचं राहिलंय. तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं, म्हणून तर तुम्ही जेवले नाहीत. परीक्षेला जाताना मी हात धुतले होते, साबण लावून. हळदीची चिमूट पदराच्या गाठीत बांधून नेली होती. गाठ सोडू की नको, असं किती वेळ चाललं होतं. मग शेजारच्या बाकावर पाहिलं आणि सोडली.