नवरी राह्यली, पाठराखीण जाऊन आली

वडनेर,
वैशाखातला मंगळवार

सौ. भागीरथाबाई विहीणबाई, मुक्काम हिंगणी, यायले वडनेरहून देवकाबाईचा नमस्कार. भैयाजी व्याह्यायले आमच्या घरून रामराम. इकडं आम्ही बरे आहोत, म्हणजे ऊन सोडलं तर बरे आहोत. तुमच्याकडं धरणाची हवा आहे, जंगल आहे, तुम्हाले काय त्याचं. तुमचे गुडघे आता कसे आहेत? मी सांगितलेलं निरगुडीचं तेल लावता की नाई? (नसानच लावत. माह्यं सांगणं अन् तुमचं ऐकणं यायची सोयरीक अजून जुळाची आहे.) भावना जेवते ना नीट? तिले उन्हाळ्यात घोळणा फुटते, रात्री उशाशी कांदा ठेवत जा. तुम्ही तिची माय आहा, तुम्हाले माहीत असन, पण मागचे उन्हाळे ती माह्याजवळ होती म्हणून लिहितो.

घरात दोन-दोन फोन असून ही बाई पत्र काऊन लिहून राह्यली, असं तुम्हाले वाटन. तर विहीणबाई, तुम्ही फोन घेतला की तो स्पीकरवर टाकता. मंग माह्यं बोलणं तुम्ही ऐकता, व्याही ऐकतात, गोठ्यातली म्हैस ऐकते, अन् भावनाबी ऐकते. मले तुमच्या एकटीसंगं बोलायचं आहे. पुढचं वाचायच्या आधी कवाड लोटून घेजा.

आम्ही अमेरिकेले निघालो तवा तुम्ही म्हटलं होतं, डोळे उघडे ठेवून पाहून या, पोट्ट्यानं तिकडं दुसरी ठेवली असन. आम्ही परत आलो तवा म्हटलं, सुनेले घर राखायले ठेवून म्हातारा-म्हातारी फिरून आले, आता आमच्या पोरीची फारकत करून द्या. मले लई राग आला. चार दिवस तुमच्या नावानं भांडे आपटले. (त्यात तुम्हीच आहेरात दिलेला पितळी गंज चेपला.) मंग वाटलं, तिची मायच नाई विचारन तर कोण विचारन. म्हणून सारं पहिल्यापासून लिहितो, तुम्हीच सांगा चूक कोणाची.

आमच्या रजतले तिथं कायमचं राह्याचं कार्ड आहे. लग्न झाल्याबरोबर त्यानं बायकोचा अर्ज लावला, तो अर्ज तिथं रांगेत बसला आहे, अन् रांग काही हालत नाई. दोन दिवाळ्या पोरगा इकडं आला. यंदा नोकरी बदलली, सुट्टी नाई. तवा ठरलं की अर्ज बसू दे रांगेत, भावना पाहुणी म्हणून दीड महिना जाऊन येईन. पाहुणीच्या व्हिसाचा शिक्का वेगळा मिळते म्हणे. आता आपल्यात नवी सून पहिल्यांदा नवऱ्याच्या घरी जाते तवा तिच्यासंगं पाठराखीण जाते, हे तुम्हाले मी काय सांगू. एकटी पोरगी सात समुद्रापार कशी धाडाची? मी म्हटलं, मी जातो पाठराखीण. मी निघाली तर आमचे हे मांग कसे राह्यतीन? (किसनराव. घ्या, तुमच्यासाठी नाव लिहिलं, उखाणा उधार राह्यला.) यायले चहा सोडून काही येत नाई, अन् तो चहाबी पिण्यासारखा नसते. म्हणून तिघायचे अर्ज संगंच भरले.

शिक्क्यासाठी अमेरिकेच्या कचेरीत जायले मुंबईले गेलो. सकाळी मी तिची ओटी भरली, हिरवा चुडा भरला, लग्नातला शालू नेसवला. म्हटलं, साहेबाले दिसू दे की ही खरीखुरी लग्नाची बायको आहे, कोणी उठवळ नाई. नारळ आत नेऊ देईनात, तो पानठेलेवाल्याजवळ ठेवला. यायनं कापसाच्या गाठीएवढी फाईल धरली होती. बायकोच्या अर्जाले जोडलेले सारे पुरावे तिच्यात होते: लग्नाचे फोटो, हळदीचे फोटो, दोघायच्या फोनचे हिशेब, हे एकमेकांशिवाय राहू शकत नाईत असं सांगणारे सारे कागद. आम्हाले वाटे, जेवढे कागद तेवढं काम पक्कं. आता कळते की त्या खिडकीवर उलटंच दाखवायचं होतं. मोठ्या अर्जासाठी सांगायचं की नवऱ्याशिवाय जमत नाई, अन् पाहुणीच्या खिडकीवर सांगायचं की नवऱ्याले सोडून मी दीड महिन्यात निघून येतो. एकाच पोरीनं एकाच तोंडानं हे दोन्ही कसं सांगाचं, ते मले कोणी सांगितलं नाई.

खिडकीत गोरी बाई होती, मराठी बोलणारी एक पोरगी तिच्या बाजूले. बाईनं भावनाले विचारलं, तू परत येशीन कायवरून? भावना म्हणे, येईन ना, घरी सासू-सासरे आहेत, त्यायचं मलेच पाहा लागते. अशी गोड बोलली की माह्या डोळ्यात पाणी आलं. मंग त्या बाईनं विचारलं, सासू-सासरे कुठं असतात? भावना म्हणे, हे काय, माह्यासंगंच चालले. मी आपली पदर सावरून पुढं झाली अन् हात जोडले.

झालं. पोरीच्या हाती नकाराचा कागद दिला. अन् आम्हाले? यायले विचारलं, तुमचं इकडं काय आहे, तर हे विहिरीपासून सुरू झाले, मंग बैलजोडी, मंग तूर, मंग कपाशीचा भाव. त्या बाईनं हात वर करून यायले थांबवलं अन् दोघायचे पासपोर्ट ठेवून घेतले. दहा वर्षांचा शिक्का. ज्यायले वर्ध्याच्या पलीकडं जायची हौस नाई त्यायले दहा वर्षं, अन् जिचा नवरा तिथं तिले एक दिवसबी नाई. हे अजून म्हणतात तुह्या शालूनं घात केला, मी म्हणतो तुमच्या फाईलनं केला. मुंबईहून येताना गाडीत भावनानं एक-एक करून चुडा उतरवला अन् पिशवीत ठेवला.

मी म्हटलं, आम्ही नाई जात, फाडा ते तिकीट. जा म्हणणारी भावनाच होती, विहीणबाई. म्हणे, आई, कोणीतरी पाहून तर या त्याले. जवसाची चटणी तिनं कुटली, बॅग तिनं भरली. अन् त्याच हप्त्यात तुम्ही येऊन तिले हिंगणीले घेऊन गेल्या, म्हणून घर राखायले आम्ही कोणालेच ठेवलं नाई, कुलूप लावून गेलो. हे एक तुमच्या मनात नीट बसू द्या.

तिथल्या गमती काय सांगू. विमानतळावरच्या साहेबानं काही विचारायच्या आधीच हे हात जोडून, वापस जाएंगे साहब, वापस जाएंगे, असं सुरू. त्यानं आत घेतलंबी नव्हतं. चटणीचा डबा उघडून दोघा-तिघायनं वास घेतला, एक शिंकला, मंग सोडलं. घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी हे ऊन पाहायले बनियनवर बाहेर गेले, मांगून दार आपोआप लागलं, अन् मी नहाणीत. ऊन होतं खरं, पण नुसतं दिसायपुरतं, त्यात ऊब नाई. शेजारच्या बाईनं मांजरीच्या चित्राचं पांघरूण देऊन यायले घरात बसवलं. मी निघून पाहतो तर हे तिच्या सोफ्यावर बसून तिले मराठीत बोंडअळी समजावून सांगून राह्यले होते, अन् ती मान हालवून राह्यली होती.

आता तुमचं काम. मी घर शोधलं, विहीणबाई. पोटच्या पोराच्या घराची झडती घेतली, उशीखाली पाह्यलं, नहाणीत पाह्यलं, कंगव्याचे केससुद्धा पाह्यले. (त्याच्याच डोक्याचे होते. पोट्टा टकला होऊन राह्यला, हेबी भावनाले सांगजा.) कोणी नाई. एक गोष्ट मात्र खुपली. स्वयंपाकघरात त्याचे सारे डबे वरच्या फळीवर, अन् खालची फळी रिकामी. मी म्हटलं, बावळट आहे, अन् माह्यं तिखट, मीठ, चटणी सारं खाली मांडलं. सकाळी पाहतो तर सारं वर. पुन्हा खाली मांडलं, पुन्हा वर. माह्या हाताले पुरे ना. मंग मी बिघडली. म्हटलं, मायनं मांडलेलं हालवतं? एवढी जड झाली का मी तुले? दोन वेळ जेवली नाई. तवा तो खाली मान घालून म्हणे, आई, भावनाचा हात तेवढाच पुरते. हे घर घेतलं तवापासून मी तिथं काही ठेवत नाई.

विहीणबाई, मीबी तेवढीच बुटकी आहे, पण त्यानंतर निघायच्या दिवसापर्यंत स्टुलावर चढून मीठ काढलं.

अन् आणखी एक. वडनेरले असताना भावनाच्या खोलीतून फोनचा उजेड दिसे, तवा वाटे ही दोघं एवढं बोलतात तरी काय. तिथं पाह्यलं. काहीच बोलत नाईत. हा फोन टेकवून कपड्यायले इस्त्री करते, फोनात भावना तुमच्या ओसरीत बसून हरभरा निवडते. बोलायचं कवाचंच संपलं, पण फोन कोणी ठेवत नाई. मधातच हा म्हणते, आहे काय? ती म्हणते, आहे. मंग पुन्हा इस्त्री. मले तिथं बसवे ना, मी उठून नहाणीत गेली अन् नळ सोडून रडली.

तवा दुसरी-तिसरी कोणी नाई, हे मी तुम्हाले लिहून देतो. फारकतीचं नाव काढू नका. अर्ज आज ना उद्या निघन. हे पत्र मिळताच भावनाले घेऊन या, तुम्हीबी चार दिवस राहा, पाटवड्या करतो. घर खायले उठते. हे दिवसातून तीनदा तिले हाक मारतात अन् मंग मले म्हणतात, तुलेच बोलावलं होतं.

लहानायले आशीर्वाद, मोठ्यायले नमस्कार. चुकलं-माकलं पोटात घाला.

तुमची विहीण,
देवका

ता. क. – हे म्हणतात, व्याह्यायले सांगा तुरीचं बियाणं काढून ठेवलं आहे. येताना मोकळी पोती आणजा.

ता. क. – गंज चेपला असं वर लिहिलं. ठोकून घेतला, आता फक्त थोडा हालते.

ता. क. – आता खरं लिहितो. भावनाले लगेच घेऊन या असं वर लिहिलं, ते करू नका. निघताना विमानतळावर यायले लघवीले धाडून रजत मले म्हणे, आई, तिले सांग माह्यासाठी थांबू नको. तिचं वय चाललं, मले काही राग नाई येणार. तिच्या तोंडावर माह्याच्यानं नाई होत, तू सांग. मी हो म्हटलं. आल्यापासून मी तिले फोन केला नाई तो याच्यासाठी, तुमच्यावरच्या रागासाठी नाई. माह्याबी तोंडून निघत नाई, विहीणबाई. तुम्ही तिची माय आहा, तुम्ही सांगा. ती मोकळी होतो म्हणाली तर आम्ही कोणी आडवं येणार नाई, सही पाहिजे तिथं सही देऊ. पण सांगसान तवा एवढंबी सांगजा की तो हे बोलत होता तवा मी त्याच्या तोंडाकडं पाह्यलं होतं. लहानपणी घरात भाकर कमी दिसली की पोटात भूक असून तो म्हणे, आई, मले नाई लागली, तू जेव. तसंच तोंड होतं.