मापाला उभी केलेली मुलगी

आई, तुझ्या मशिनवर मी परत बसले. पट्टा बदलून घेतला, तेल घातलं, तरी पहिले दोन दिवस धागा सारखा तुटत होता, आणि मी तुझ्यावरच चिडत होते, कारण तुझ्या हाताखाली हेच मशिन गुमान चालायचं. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत पडद्यांना टीप मारण्यापलीकडे मी त्यावर काही शिवलं नाही. शाळेत शिकवत होते तोवर वेळ नव्हता, आणि निवृत्त झाल्यावर शिवायचं कुणासाठी हा प्रश्न होता. आता कुणीतरी आहे. माझ्या मुलाची मुलगी. परवा सात वर्षांची झाली. ती तिच्या आईबरोबर सांगलीला राहते, मी इथं साताऱ्यात. मुलगा आणि सून वेगळे राहायला लागून दोन वर्षं झाली. का, ते तुला सांगत बसत नाही. तू असतीस तर दोघांनाही समोर बसवून झापलं असतंस, आणि त्याचा उपयोग काही झाला नसता.

गेल्या वर्षी वाढदिवसाला दुकानातून फ्रॉक आणून पाठवला होता. आठ दिवसांत तो परत आला. आत सुनेची चिठ्ठी होती, ‘लहान होतो.’ एवढंच. रागानं लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण हे म्हणजे दुकानदाराला लिहावं तसं. तेव्हाच ठरवलं, पुढचा फ्रॉक हातानं शिवायचा आणि तो परत येता कामा नये. नातीशी माझा आता एवढाच संबंध उरला आहे, वर्षातला एक कपडा. तोही दुसऱ्यांदा परत आला असता तर तिसऱ्यांदा पाठवायला मला तोंड राहिलं नसतं.

पण माप कुठून आणायचं? सुनेला विचारायला जीभ रेटेना. मुलगा महिन्यातून एकदा पोरीला भेटायला सांगलीला जातो, त्याच्याजवळ टेप दिला. तो म्हणाला, “आई, बागेत लोकांच्यात टेप काढून बसू का मी?” आणि टेप तसाच परत आणला. फार मागे लागले तेव्हा शर्टाच्या चौथ्या बटणावर बोट ठेवून म्हणाला, “इथपर्यंत येते.” मग त्याला भिंतीला टेकून उभं केलं आणि चौथ्या बटणापाशी पेन्सिलीनं खूण केली. तुला हसू आलं असतं. माझं सगळं शिक्षण एकीकडे आणि भिंतीवरची ती रेघ एकीकडे.

खालच्या मजल्यावर एक बाई भाड्यानं राहते. लोणंदकडची, नवरा सैन्यात, सध्या लांब कुठंतरी. तिची धाकटी मुलगी वर माझ्याकडे खेळायला येते. तिला त्या रेघेखाली उभं केलं तर डोकं बरोबर टेकलं. अंगानंही माझ्या नातीसारखीच, काटकुळी, फक्त केस कुरळे. मी तिला म्हटलं, “मापाला उभी राहशील का? हा फ्रॉक माझ्या नातीचा आहे, तुझा नाही, आधीच सांगते.” ती मान हलवून हो म्हणाली. आणि तुला सांगते, काय सुंदर उभी राहायची. टाचणी टोचली तरी हूं नाही की चूं नाही.

मलाही तू असंच उभं करायचीस. इस्लामपूरच्या त्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून, कारण उजेड तिथंच होता. कारखान्याच्या कॉलनीतल्या साहेबांच्या मुलींचे फ्रॉक तुझ्याकडे शिवायला येतात, त्या मुली काही मापाला येत नाहीत, येतो त्यांचा जुना कपडा. मग तू नवा फ्रॉक कच्च्या टाक्यांनी जोडून माझ्या अंगावर चढवतेस, तोंडात टाचण्या धरून माझ्याभोवती गुडघ्यांवर फिरतेस. पाठीमागं बटणं नसतात. तिथं तू टाचण्या लावतेस. बटणं, काजं सगळ्यात शेवटी, माझ्या अंगावरून फ्रॉक उतरल्यावर. तुझा तो नेमच होता. बिनबटणांचं ते नुसतं कापड असतं, बटण लागलं की अंगावरचा कपडा झाला, आणि एकीच्या अंगावरचा दुसरीला द्यायचा नाही, असं तू म्हणायचीस. मला तेव्हा ते खुळचट वाटायचं.

आता कळतं आहे, खुळचट नव्हतं. या वेळी मी तिथंच चुकले. फ्रॉक छान झाला होता, फिका जांभळा, गळ्याशी पांढरी पट्टी, खाली झालर. मात्र पाठ नीट बसते का याची मला शंका होती, आणि मागचा परत आलेला फ्रॉक डोक्यातून जात नव्हता. म्हणून पाचही बटणं लावून टाकली आणि मग त्या पोरीला घातला. बटणं एकेक करून लावली. मागं एक सुरकुती नाही. मी इतकी खूश झाले की तिला कपाटाच्या आरशापुढं नेलं, म्हटलं, “बघ कशी दिसतेस.” तिनं गिरकी घेतली. मग झालर दोन्ही हातांनी धरून ती आरशात बघतच राहिली. मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, “चल, काढ आता, मळेल.”

फ्रॉक कुरिअरनं सांगलीला गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खालची बाई पोरीला हाताला धरून वर आली.

“आवं काकू, कालधरनं पोर जेवली न्हाई. तुमी तिला म्हनालासा म्हनं, ह्यो फ्रॉक तुजाच हाय. आन आता दुसरीला पाठवून दिलासा.” मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “मी फ्रॉक मागाय न्हाई आले. नगोच मला. पर लेकराला अशी आशा का लावायची?”

आई, मी तसं म्हणाले नव्हते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, “मी पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं. ती खोटं बोलते आहे. तीस वर्षं शाळेत काढली आहेत मी, मला कळतं.” तिची आई पोरीकडे वळली. “व्हय गं?” पोर फरशीकडे बघत राहिली. आईनं तिच्या थोबाडीत दिली. माझ्यासमोर. ती रडली नाही, तिनं फक्त माझ्याकडे बघितलं. त्या बाईचा चेहरा पडला, “चुकलं काकू,” म्हणाली आणि तिला ओढत खाली घेऊन गेली. मी दार लावलं. जिंकले होते मी. आणि मग पलंगावर बसले ती उठवेना, कारण ती पोर ज्या जागी उभी होती, त्या जागी मी एकदा उभी राहिले होते.

तो हिरवा फ्रॉक. इंजिनियर साहेबांच्या मुलीच्या वाढदिवसाचा. दोनदा मला घालून बघितलास आणि तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणालीस, “तुजा न्हाई बरं का, आधीच सांगून ठेवते.” मी नीट ऐकलं होतं. तरी फ्रॉक गेला त्या दिवशी मी घर डोक्यावर घेतलं. बाबा डेपोतून येऊन जेवायला बसलेले. मी रडत त्यांना सांगितलं, आई म्हणाली होती, माझा आहे. बाबांनी ताट सरकवलं. “लेकराच्या अंगाला लावतीस आन दुसऱ्याला देतीस? वर तिला म्हनतीस तुजा हाय?” तू माझ्याकडे बघितलंस. एक शब्द बोलली असतीस तरी पुरे होतं, मग त्यांचा हात माझ्यावर उठला असता. तू म्हणालीस, “व्हय, म्हनाले मी. चुकलं.” पुढचे कितीतरी दिवस बाबा तुझ्याशी बोलले नाहीत.

नंतर तू मला एक फ्रॉक शिवलास, ओटीत आलेली दोन ब्लाउजपिसं जोडून. गिऱ्हाइकाच्या कापडाची चिंधीसुद्धा तू परत करायचीस, तेव्हा तुझ्याजवळ स्वतःचं असं तेवढंच कापड होतं. मी तो घातला नाही. जोड दिसतो, म्हणाले. आणि ती हिरव्या फ्रॉकची गोष्ट मी जन्मभर सांगितली, आई. लग्न ठरल्यावर सासरच्यांना सांगितली, सुनेला सांगितली. आमच्या आईनं मला नुसतं मापाला उभं केलं, अशी सुरुवात करून. लोक हसायचे. तू समोर असलीस तर तूही हसायचीस, “व्हय, केलं खरं” म्हणायचीस. तुझ्या तेराव्यालाही मी ती सांगितली, आणि बायकांनी मला जवळ घेतलं. सांगून सांगून मलाच ती खरी वाटायला लागली होती. त्या दुपारपर्यंत.

त्या पोरीला तर निदान निमित्त होतं. मी तिला बटणं लावून आरशापुढं नेलं होतं. तू माझ्याशी तसं काहीच केलं नव्हतंस. आणि मला एवढंच म्हणायचं होतं, हो, म्हणाले मी. चुकलं. चार शब्द. तुला जमले, भरल्या ताटावर, नवऱ्यापुढं. मला एका परक्या बाईपुढं जमले नाहीत. आज तीन दिवस झाले, पोर वर आलेली नाही. खाली जायचं म्हणून दोनदा चपला घातल्या आणि काढून ठेवल्या. कापड उरलं आहे, तिलाही एक शिवून द्यावा असं मनात येतं, पण मला तूच आठवतेस, त्या ब्लाउजपिसांसकट, आणि कात्री उचलवत नाही.

काल सुनेचा फोन आला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं आपणहून केला. मागं नात ओरडत होती, आजी, मी गिरकी घेतली, आजी! सून म्हणाली, “आई, अगदी बरोबर बसला हो. कुठं टाका घालावा लागला नाही. या एकदा तुम्ही, ती वाट बघते.” माझे डोळे भरून आले. मग तिनं विचारलं, “माप कुणाकडून घेतलंत?”

मी म्हणाले, “कुणाकडून नाही. अंदाजानं.”

हे लिहिलेलं कुणाला दाखवणार नाही, पाठवायला तर पत्ताच नाही. हिरव्या फ्रॉकच्या वेळी मी खोटं बोलले होते, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुलाही सांगते आहे ती आत्ता, तुला ऐकू येण्याची काही भीती उरली नाही तेव्हा.