थोरल्या दिरांच्या उमेदवारीवर वयाची हरकत

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी,
सेवा सहकारी सोसायटी निवडणूक,
तुळजापूर, जि. धाराशिव

विषय : श्री. महांतप्पा कलशेट्टी, वय ८२, यांचा उमेदवारी अर्ज 'वय झाले' या कारणास्तव बाद करणेबाबत.
संदर्भ : सदर उमेदवाराचे स्वतःचे तोंडी वाक्य.

महोदय,

मी सोसायटीची सभासद व सदर उमेदवाराची धाकटी भावजय असून छाननीपूर्वी पुढीलप्रमाणे हरकत नोंदवते :

१. माझे मालक शंभुलिंग यांना दोन वर्षांपूर्वी अन्ननलिकेचा कॅन्सर झाला. सोलापूरच्या डॉक्टरांनी त्यांना चालवून पाहिले, रक्त तपासले आणि सांगितले की, किमो व शेक (रेडिएशन) एकत्र देणे अशक्त म्हाताऱ्याला जड जाते. पण यांची तब्येत सोसण्याजोगी आहे, डोस बेतून देऊ, नाहीच सोसले तर किमो थांबवून नुसता शेक देऊ.

२. मी औषधे आणायला खाली गेले. तेवढ्यात सदर उमेदवाराने घरी नेण्याच्या कागदावर मालकांची सही घेतली. थोरल्या भावापुढे मालकांनी जन्मात मान वर केली नव्हती. मी वर येताच मला ऐकवण्यात आले, ते शब्दशः : "वय झालंय त्येचं. किमो बी अन् शेक बी, कशाला हाल? घरी न्या, आवडंल ते खाऊ घाला." ज्याच्या घशाखाली पाणी उतरत नव्हते, त्याला! मालक उपाशी गेले. उपचाराने ते वाचलेच असते असे माझे म्हणणे नाही. पण संधी होती, ती यांनी हिसकावली. हे मी विसरणार नाही आणि यांनाही विसरू देणार नाही.

३. तेच सद्गृहस्थ, मालकांपेक्षा सहा वर्षांनी मोठे असून, आता चेअरमन व्हायला निघाले आहेत. नवी कवळी बसवली, मिशा काळ्या केल्या. स्टँडवर त्यांचा फलक झळकतो, "चिरतरुण नेतृत्व". आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं! सबब त्यांना त्यांच्याच मापाने मोजावे. पाच वर्षांचा कारभार, कशाला हाल? घरी बसवून आवडेल ते खाऊ घालावे. त्यांना गिळता तरी येते.

४. कायद्यात वयाची वरची अट नाही, हरकत टिकणार नाही, असे वकिलांनी समजावले आहे. मला ते मान्य आहे. म्हणूनच विनंती की, हरकत फेटाळताना आदेशात कारण लिहावे : "केवळ वय झाले म्हणून कोणालाही बाद ठरवता येत नाही." आणि तो आदेश सर्वांसमक्ष, सदर उमेदवाराला उभे करून, त्यांच्याच तोंडून मोठ्याने वाचून घ्यावा. मी समोर बसेन.

आपल्या नकाराची वाट पाहणारी,
गिरिजाबाई शंभुलिंग कलशेट्टी
मु. पो. जळकोट, ता. तुळजापूर
दि. ११ फेब्रुवारी

सोबत : १) फलकाचा फोटो.
२) वाचताना चष्मा आणला नाही अशी सबब उमेदवाराने सांगू नये म्हणून, माझ्या मालकांचा चष्मा.